ताळेबंदावर प्रश्न विचारायचा नाही!

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आणल्या. कामगार चळवळीने त्यांवर जी टीका केली तिचा रोख मुख्यतः कामगारकपातीची वाढलेली मुभा, संपाच्या हक्कावरील बंधने आणि मुदतबंद नोकऱ्यांचा सुळसुळाट यांवर होता. ती टीका रास्तच आहे. परंतु २०१९ साली संसदेने मंजूर केलेल्या वेतन संहितेच्या बोनसविषयक प्रकरणात दोन लहानशी वाक्ये आहेत, त्यांच्याकडे चळवळीचे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेलेले नाही. पहिल्या वाक्याचा आशय असा की, कंपनीच्या लेखापरीक्षित हिशेबांवर सामान्यतः प्रश्न उपस्थित केला जाणार नाही. दुसऱ्याचा आशय असा की, बोनसच्या रकमेबद्दल वाद उद्भवल्यास प्राधिकारी मालकाला ताळेबंद सादर करावयास सांगू शकेल. मात्र मालकाची संमती असल्याखेरीज त्या ताळेबंदातील कोणतीही माहिती तो उघड करणार नाही.

या दोन वाक्यांचा एकत्रित अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. बोनस किती द्यावयाचा हे नफ्यावर ठरते. नफा किती झाला हे ताळेबंद आणि नफातोटा पत्रक सांगते. ते पत्रक मालकाच्या कचेरीत तयार होते, मालकाने नेमलेला लेखापरीक्षक त्यावर सही करतो. आणि ज्याच्या घामाच्या हिश्शाचा प्रश्न आहे त्या कामगाराने ते पत्रक पाहावयाचे की नाही, हे पुन्हा मालकानेच ठरवावयाचे! दिवाणी न्यायालयात शेताच्या बांधाचा दावा चालला तरी एका पक्षाने दाखल केलेला कागद दुसऱ्या पक्षाला दाखविल्यावाचून न्यायाधीश पुढे जात नाही. कामगाराच्या वाट्याला मात्र एवढीही रीत येऊ नये, असे नव्या कायद्याने ठरविले आहे.

शेअर बाजारात नोंदलेल्या बड्या कंपन्यांचे हिशेब दर तिमाहीस वर्तमानपत्रांत छापून येतात, तेव्हा या कलमाने फारसे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते ते तिथे, जिथे हिशेब छापून येत नाहीत. बंदिस्त भागभांडवलाच्या खासगी कंपन्या, कुटुंबांच्या मालकीचे कारखाने, बड्या कंपन्यांना सुटे भाग पुरविणारे उद्योग यांत राबणाऱ्या माणसांना हे कलम जाचणार आहे, आणि संघटना बांधणे अवघड जाते तेही नेमके याच ठिकाणी. शिवाय नोंदलेल्या कंपनीतदेखील गंमत अशी की, ज्याने काल बाजारातून एक शेअर घेतला त्याला वार्षिक अहवाल मिळविण्याचा, सर्वसाधारण सभेत उभे राहून प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. तीस वर्षे यंत्रावर उभा राहिलेल्याला तो नाही.

हे आजच घडले असे समजण्याचे कारण नाही. कंपन्यांनी आपले हिशेब जगापुढे मांडावेत, या कल्पनेचा इतिहास जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा आहे आणि त्या सबंध इतिहासात हिशेब कोणाला दाखवावयाचा हा प्रश्न ज्याच्या हाती पैसा आहे त्याच्या सोयीनेच सुटत आला आहे.

इंग्लंडात १८४४ साली ग्लॅडस्टन व्यापारमंडळाचा अध्यक्ष असताना संयुक्त भांडवली कंपन्यांचा कायदा झाला. बोगस विमाकंपन्यांनी लोकांना लुबाडल्याच्या प्रकरणांची संसदीय समितीने चौकशी केली होती, तिच्या पोटी हा कायदा जन्मला. कंपनीने नोंदणी करावी, पूर्ण व रास्त ताळेबंद तयार करून भागधारकांपुढे ठेवावा, तो निबंधकाकडे दाखल करावा आणि लेखापरीक्षक नेमावेत, असे त्यात होते. ताळेबंदाचा नमुना काय असावा हे कायद्याने सांगितले नव्हते, त्यामुळे ज्याला जसा हवा तसा ताळेबंद रचता येई. रेल्वेचा राजा म्हणून मिरविणाऱ्या जॉर्ज हडसनचे साम्राज्य १८४९ साली कोसळले तेव्हा भांडवलातूनच लाभांश वाटून नफ्याचा देखावा कसा उभा केला जात होता ते उघडकीस आले. अशा अनुभवानंतर कायदा अधिक कडक व्हावा ही साधी अपेक्षा. घडले उलटेच. १८५५ साली भागधारकांना मर्यादित जबाबदारीचे कवच मिळाले, म्हणजे कंपनी बुडाली तर भागधारकाचे घरदार सुरक्षित राहील आणि ठोकर बसेल ती धनकोला व कामगाराला. आणि १८५६ च्या कायद्याने सक्तीचा ताळेबंद व सक्तीचे लेखापरीक्षण ही दोन्ही बंधने काढून टाकली. हिशेबाचे नियम कायद्याच्या अंगातून उचलून नमुना नियमावलीच्या परिशिष्टात नेऊन ठेवले. पाळायचे तर पाळा! जबाबदारी कमी करावयाची आणि त्याच वेळी उत्तरदायित्वही कमी करावयाचे, असा हा दुहेरी नजराणा रॉबर्ट लो याच्यासारख्या मुक्त व्यापाराच्या भाटांनी भांडवलाला अर्पण केला. सक्तीचे लेखापरीक्षण सर्व कंपन्यांना पुन्हा लागू व्हायला १९०० साल उजाडावे लागले आणि ताळेबंद सार्वजनिक दप्तरी दाखल करण्याची सक्ती १९०७ च्या कायद्याने आली.

मधल्या काळात जी थोडी सुधारणा झाली ती आपत्तीच्या दणक्याने. १८७८ च्या ऑक्टोबरात सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. तिचे ताळेबंद वर्षानुवर्षे खोटे होते, आणि ती अमर्यादित जबाबदारीची असल्याने भागधारक देशोधडीला लागले. १८७९ च्या कायद्याने बँकांपुरते लेखापरीक्षण सक्तीचे झाले. बँकांपुरतेच, कारण ओरडा बँकेच्या भागधारकांचा होता. कारखान्यांतून, खाणींतून, गोद्यांतून कंपन्या बुडून ज्यांच्या चुली विझल्या त्यांच्या ओरड्याने हिशेबाच्या कायद्यातील एक स्वल्पविरामही हलला नाही.

१९३१ चा रॉयल मेल खटला कामगार कार्यकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे. लॉर्ड किल्सँट हा त्या बोटकंपनीचा अध्यक्ष. पहिल्या महायुद्धाच्या काळात झालेल्या अफाट नफ्यातून कंपनीने गुप्त गंगाजळी साठविली होती. पुढे धंद्यात तोटा येऊ लागला तेव्हा त्या गंगाजळीतून रकमा काढून वार्षिक पत्रकात नफा दाखविला गेला आणि लाभांश वाटला गेला. वाचणाऱ्याला याचा सुगावा लागावा अशी खूण पत्रकात एवढीच होती की, एका नोंदीला कराच्या राखीव निधीतील समायोजनासंबंधीचे तीनचार शब्द जोडले होते. अध्यक्ष व लेखापरीक्षक हे दोघेही १९२६ व १९२७ च्या हिशेबांच्या आरोपातून निर्दोष सुटले, कारण गुप्त गंगाजळी राखणे हे त्या काळी बेकायदा नव्हते, उलट ते शहाणपणाचे लक्षण मानले जाई. किल्सँटला वर्षभराची शिक्षा झाली ती १९२८ च्या कर्जरोख्यांच्या माहितीपत्रकातील फसवणुकीबद्दल, म्हणजे पुन्हा गुंतवणूकदाराला फसविल्याबद्दलच. गुप्त गंगाजळीची ही चाल दोन्ही बाजूंनी चालते हे मात्र त्या खटल्याच्या गाजावाजात फारसे कोणी बोलले नाही. वाईट वर्षी जिच्यातून नफा काढून भागधारकाला भुलवावयाचे, तीच गंगाजळी चांगल्या वर्षी नफा पोटात घालून कामगारापुढे हात वर करावयास उपयोगी पडते. ब्रिटिश कायद्याने या प्रथेला आवर घातला तो १९४७ साली, समग्र हिशेबांची व समूहाच्या एकत्रित हिशेबांची सक्ती करून.

अमेरिकेची कथा निराळी नाही. १९२९ चा कोसळा, त्यानंतर सिनेटच्या समितीपुढे पेकोरा याने केलेल्या उलटतपासण्या आणि मग १९३३ व १९३४ चे रोख्यांविषयीचे कायदे. १९३८ साली मॅकेसन अँड रॉबिन्स या औषधकंपनीच्या गोदामांत कोट्यवधी डॉलरचा माल मुळातच नव्हता असे आढळले, तेव्हा कुठे लेखापरीक्षकाने प्रत्यक्ष गोदामात जाऊन माल पाहावा असा दंडक पडला. तोपर्यंत गोदामातला माल कागदावरच मोजला जात असे!

हिंदुस्थानात १८५० साली कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा आला, १८५७ साली मर्यादित जबाबदारी आली. इंग्लंडचे कायदे दोनचार वर्षांच्या अंतराने इथे उतरत. अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले आणि मुंबईत शेअरचा जो उन्माद उसळला त्याची हकिगत परिचित आहे. युद्ध संपले, भाव उतरले, १८६५ साली फुगा फुटला, आणि ज्या बँक ऑफ बॉम्बेने प्रेमचंद रायचंद यांच्या वर्तुळाला शेअरच्याच तारणावर मुक्तहस्ते कर्जे दिली होती ती १८६८ साली दिवाळखोरीत गेली. चौकशी आयोग बसला, अहवाल आला. सरकार स्वतः त्या बँकेचे भागीदार होते.

पण मुंबईच्या कामगाराच्या दृष्टीने त्या सट्ट्याहून अधिक महत्त्वाची संस्था म्हणजे व्यवस्थापन अभिकर्त्यांची, अर्थात मॅनेजिंग एजंटांची पद्धत. गिरणी कंपनीच्या नावावर, भागभांडवल शेकडो लोकांचे, पण कारभार एका पेढीच्या हाती. सुरुवातीच्या काळात मुंबईतील अनेक एजंट उत्पादनाच्या दर पौंडामागे पाव आणा दलाली घेत. गिरणीला नफा होवो की तोटा, सूत निघाले की दलाली ठरलेली. कापूस विकत घेणारी पेढी त्यांच्या नात्यातली, कापड विकणारी पेढीही त्यांच्याच पाहुण्यांची. अशा व्यवस्थेत गिरणीच्या ताळेबंदात जो नफा उरे तो सर्वांनी आपापले काढून घेतल्यावरचा गाळ असे. भागधारकांनी तक्रारी केल्या, १९३६ च्या दुरुस्तीने थोडी बंधने आली, स्वातंत्र्यानंतर भाभा समिती बसली, १९५६ चा कंपनी कायदा झाला, सहाव्या परिशिष्टाने ताळेबंदाचा नमुना घालून दिला, आणि अखेर ३ एप्रिल १९७० रोजी ही पद्धत संपुष्टात आली. शंभराहून अधिक वर्षे जो नफा पेढ्यांच्या वह्यांत मुरला त्याचा हिशेब कोणी मागितला नाही. पगार परवडत नाही, हे उत्तर मात्र कामगाराने त्या सबंध काळात ऐकले.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात हिशेबांचा प्रश्न संसदेत गाजला याचे श्रेय फिरोझ गांधी यांना द्यावयास हवे. १९५५ साली त्यांनी भारत इन्शुअरन्स कंपनीतील पैशाच्या अफरातफरीचे प्रकरण लोकसभेत मांडले आणि १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १९५७ साली त्यांनीच मुंदडा प्रकरण उघडकीस आणले, न्या. छागला यांच्या आयोगाने खुल्या चौकशीत अवघ्या काही आठवड्यांत निष्कर्ष काढला आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. दालमिया-जैन समूहाच्या कंपन्यांवरील आयोग आधी न्या. तेंडोलकर यांच्या व त्यांच्या निधनानंतर न्या. व्हिव्हियन बोस यांच्या अध्यक्षतेखाली चालला. १९६२ साली सादर झालेल्या त्या अहवालात एका कंपनीचा पैसा दुसरीत, दुसरीचा तिसरीत फिरवून हिशेबांचा कसा चक्रव्यूह रचता येतो याचे तपशीलवार वर्णन आहे. या साऱ्या प्रकरणांत विमेदार होता, भागधारक होता, करखाते होते. कामगार या कथेत कुठेही पात्र म्हणून येत नाही. जणू त्या कारखान्यांत माणसे कामाला नव्हतीच.

तो आला तो बोनसच्या मार्गाने, आणि स्वतःच्या बळावर. १९५० साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या बोनसवादात श्रमिक अपील न्यायाधिकरणाने जे सूत्र ठरविले त्यात आधी घसारा, कर, पुनर्वसनाची तरतूद, भरणा झालेल्या भांडवलावर सहा टक्के परतावा आणि खेळते भांडवल म्हणून वापरलेल्या राखीव निधीवर त्याहून कमी दराने परतावा, एवढे सारे वजा करावयाचे आणि उरेल त्यात कामगाराचा वाटा. त्याच वर्षी बोनसच्याच प्रश्नावर समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेच्या नेतृत्वाखाली सुमारे दोन लाख कामगारांनी दोन महिने संप केला. संप मोडला, सूत्र राहिले. परंतु त्या सूत्रानेच कामगाराच्या हाती एक नवे हत्यार दिले होते. वजावटीची प्रत्येक बाब ही ताळेबंदातील एक नोंद होती, तेव्हा ती नोंद खरी आहे का, हे विचारणे कामगार प्रतिनिधीला भागच होते. राखीव निधी खरोखर खेळते भांडवल म्हणून वापरला गेला का? घसारा कोणत्या यंत्रावर धरला, ते यंत्र कारखान्यात आहे का? कामगार कायद्याचे मराठी भाषक वकील आणि अर्धवेळ कार्यकर्ते रात्ररात्र जागून नफातोटा पत्रके वाचावयास शिकले ते याच काळात.

या संघर्षाचा कळस १९६० साली सर्वोच्च न्यायालयात झाला, आणि तो आपल्या जळगावच्या गिरणीच्या खटल्यात झाला, हे महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना ठाऊक असावयास हवे. खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्स विरुद्ध राष्ट्रीय गिरणी कामगार संघ, जळगाव असा तो वाद. राखीव निधी आम्ही खेळते भांडवल म्हणून वापरला, पाहा, ताळेबंदातच दिसते आहे, असे कंपनीचे म्हणणे. न्यायालयाने सांगितले की, ताळेबंदात एखादी नोंद आहे एवढ्यावरून ती बाब सिद्ध होत नाही. ती पुराव्याने शाबीत करावी लागेल आणि तो पुरावा खोडून काढण्याची पुरेशी संधी कामगारांना मिळाली पाहिजे. पेटलादच्या रंगकारखान्याच्या खटल्यात त्याच वर्षी हेच तत्त्व पुन्हा मान्य झाले. एवढ्याने काही क्रांती झाली नाही. परंतु मालकाच्या प्रतिनिधीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून कामगारांच्या वकिलाने त्याच्या हिशेबाची उलटतपासणी घ्यावी, हे चित्र मालकवर्गाला किती झोंबले असेल याची कल्पना करता येते.

झोंबले याचा पुरावा १९६५ च्या बोनस कायद्यात आहे. त्याच्या तेविसाव्या कलमाने फासे उलटे टाकले. पात्र लेखापरीक्षकाने तपासलेला ताळेबंद अचूक आहे असे न्यायाधिकरणाने गृहीत धरावे, कंपनीने तो शाबीत करण्याची आवश्यकता नाही. कामगार संघटनेने एखाद्या नोंदीबद्दल खुलासा मागितला आणि न्यायाधिकरणास तो आवश्यक वाटला तर ते कंपनीला खुलासा करावयास सांगेल, एवढी खिडकी उघडी ठेवली होती, आणि हिशेब चुकीचे आहेत अशी न्यायाधिकरणाची खात्री पटली तर पुढील तपास करण्याची मुभाही होती. पण ज्याच्या हाती वह्या नाहीत त्याने न्यायाधिकरणाची खात्री पटवावयाची कशी? बँकांच्या बाबतीत तर त्याच्या पुढच्याच कलमाने प्रश्न विचारण्याचे दारच लावून घेतले. जळगावच्या कामगारांनी न्यायालयात जे मिळविले ते संसदेने पाच वर्षांत काढून घेतले. सत्तेवर त्या वेळी कोण होते, हे सांगण्याची गरज नाही. समाजवादी समाजरचनेचा ठराव करून दहा वर्षे झाली होती.

त्याच १९६५ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन निवडक उद्योगांसाठी परिव्यय लेखापरीक्षणाची, म्हणजे वस्तू तयार करावयास प्रत्यक्ष किती खर्च येतो हे तपासण्याची तरतूद आली. तो अहवाल सरकारकडे जाई, कंपनीकडे राही. मजुरीचा वस्तूच्या किमतीत नेमका वाटा किती, हे सांगणारा सर्वांत बोलका कागद तोच, आणि भागधारकाला तो पाठविला जात नव्हता, मग कामगाराची गोष्टच सोडा. १९५६ च्या कायद्याप्रमाणे खासगी कंपनीचे नफातोटा पत्रक निबंधकाच्या दप्तरातदेखील सभासदाखेरीज इतरांना पाहता येत नसे.

आता २०१९ च्या संहितेने त्यापुढे मजल मारली आहे. १९६५ चा कायदा गृहीत धरावयास सांगत होता. नवी संहिता मालकाच्या संमतीवाचून दाखवूही नका असे म्हणते.

लेखापरीक्षकाची सही ही सत्याची हमी आहे, या गृहीतकाची किंमत या देशाने पुरेपूर मोजली आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षाने स्वतःच पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदात दाखविलेल्या रोख व बँकशिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. त्या ताळेबंदांवर जगप्रसिद्ध पेढीच्या सह्या होत्या. बँकेतली शिल्लक ही हिशेबातील सर्वांत सहज पडताळता येणारी बाब. तीच खोटी निघाली. २०१८ साली आयएल अँड एफएस समूह सुमारे ९१ हजार कोटींच्या देण्यांसह कोलमडला, आणि कोलमडण्याच्या अगदी तोंडापर्यंत पतमापन संस्थांनी त्याला उत्तम श्रेणी दिली होती. या घटनांनंतर गुंतवणूकदाराच्या रक्षणासाठी नवे कायदे, नवे प्राधिकरण, नवी शिक्षा हे सारे आले. आणि याच काळात संसदेने कामगाराला सांगितले की, लेखापरीक्षित हिशेबावर शंका घेऊ नये! ज्या कागदावर बँका विश्वास ठेवावयास तयार नाहीत, करखाते ज्याची फेरतपासणी करते, त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याचे कर्तव्य एकट्या कामगाराचे.

खोट्या ताळेबंदाची गोष्ट झाली. परंतु अगदी खरा, नियमांत चोख बसणारा ताळेबंददेखील कामगाराचा घात कसा करू शकतो याचे उदाहरण मुंबईच्या गिरणगावाइतके ढळढळीत दुसरीकडे क्वचितच सापडेल. हिशेबाच्या रूढ नियमाप्रमाणे जमीन ज्या किमतीला घेतली त्याच किमतीला ताळेबंदात राहते. नियम वाईट हेतूने केलेला नाही. मालमत्तेची किंमत मनमानेल तशी फुगवून धनकोला फसवू नये हा त्यामागील विचार. पण परळ, लालबाग, दादरच्या गिरण्यांच्या जमिनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किंवा विसाव्याच्या आरंभी मिळालेल्या. ताळेबंदात त्या कवडीमोलाने नांदत होत्या. १९८५ च्या आजारी उद्योगांच्या कायद्याने आजारपणाची व्याख्या केली ती या ताळेबंदाच्या आधारे: साठलेला तोटा कंपनीच्या निव्वळ मूल्याइतका वा त्याहून जास्त झाला की कंपनी आजारी. आणि निव्वळ मूल्य मोजताना मालमत्तेच्या फेरमूल्यांकनातून निघालेला राखीव निधी धरावयाचा नाही, असे त्या कायद्यात शब्दांनी लिहिले होते. म्हणजे पायाखाली सोन्याची खाण आणि कागदावर भिकारी!

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप चिरडला गेल्यावर आजारीपणाच्या याच दाखल्यावर गिरण्या एकामागून एक औद्योगिक पुनर्रचना मंडळाकडे गेल्या, आणि कामगारांना थकलेली देणी, कपात, स्वेच्छानिवृत्ती यांच्या योजना पुनर्वसन म्हणून वाढण्यात आल्या. कामगार संघटना सांगत होत्या की, जमीन मोजा. उत्तर येई की, ताळेबंदात तेवढेच आहे. मग २००५ साली सरकारी मालकीच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतील पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या तेव्हा २ हजार कोटींच्या वर रक्कम आली. एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलला ७०२ कोटी, कोहिनूर क्रमांक तीनला ४२१ कोटी. हा आकडा काही एका रात्रीत उगवला नव्हता. संपाच्या वर्षीही ती जमीन मुंबईच्या मध्यभागीच होती. फक्त ज्या कागदावर आजारपण ठरत होते त्या कागदावर तिला जागा नव्हती, आणि त्या कागदाविरुद्ध बोलण्याचा अधिकार ज्यांचा संसार त्यावर अवलंबून होता त्यांना नव्हता.

भांडवलदारांचे पाठीराखे तीन आक्षेप घेतात. त्यांतला कामगाराला ताळेबंद कळत नाही हा आक्षेप उत्तराच्याही लायकीचा नाही. शेअर घेणाऱ्या शेकडा नव्वदांनाही तो कळत नाही, म्हणून त्यांचा हक्क कोणी काढून घेतला नाही. दुसरा, धंद्याची गुपिते प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातील हा. यात थोडे तथ्य आहे. एखाद्या मालाचा उत्पादनखर्च बाजारात फुटला तर कारखान्याचे, पर्यायाने कामगाराचेही नुकसान होऊ शकते. पण गुप्ततेची शपथ घेऊन माहिती पाहण्याची पद्धत जगात जुनी आहे. बँकेचा अधिकारी कर्ज देताना हीच गुपिते पाहतो, आणि संचालक मंडळावर बसणारा प्रतिनिधी तर एकाच वेळी दोनतीन स्पर्धक कंपन्यांच्या खुर्च्या उबवतो. गुपिताची भीती कामगारापुढेच जागी होते. तिसरा आक्षेप, गुंतवणूक पळून जाईल हा, सर्वांत मोठ्याने मांडला जातो.

गुंतवणूक पळून जाते का, हे फ्रान्सला विचारावे. तिथे १९४५ साली कारखान्यांत कामगार समित्या कायद्याने आल्या आणि पुढच्याच वर्षी त्या समितीला कंपनीचे हिशेब तपासण्यासाठी स्वतःचा हिशेबतज्ज्ञ नेमण्याचा अधिकार मिळाला. त्या तज्ज्ञाचे शुल्क मालकाने द्यावयाचे. १९७७ साली मोठ्या कंपन्यांवर सामाजिक ताळेबंदाची सक्ती झाली: किती माणसे कामावर, कोणत्या वेतनावर, किती अपघात. जर्मनीत १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभरहून अधिक कामगार असलेल्या उद्योगात कामगारांची आर्थिक समिती असते आणि मालकाला वार्षिक हिशेब तिच्यापुढे समजावून सांगावे लागतात. ब्रिटनमध्ये १९७५ च्या कायद्याने सामुदायिक वाटाघाटीसाठी लागणारी माहिती संघटनेला देणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले. यांपैकी एकही देश समाजवादी नाही, आणि त्यांच्या कारखान्यांना भांडवलाची वानवा भासलेली नाही.

आपल्याकडे हे सुचले नव्हते असेही नाही. १९७६ साली संविधानात कलम ४३-क येऊन उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व झाले. न्या. राजिंदर सच्चर यांच्या समितीने १९७८ च्या अहवालात कामगार सहभागाची आणि कंपन्यांच्या सामाजिक अहवालाची शिफारस केली. १९८२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कंपनी गुंडाळण्याच्या अर्जावर कामगारांचे म्हणणे ऐकले पाहिजे. कामगार सहभागाचे १९९० चे विधेयक मात्र कायदा होऊ शकले नाही. जनता सरकार आले, गेले; संयुक्त आघाड्या आल्या, गेल्या. त्यांच्यात समाजवादी मंत्रीही होते, हे इथे नोंदविले पाहिजे.

आणि माहितीच्या पारदर्शकतेचे पोवाडे गाणाऱ्या राज्यकर्त्यांची स्वतःची रीत कशी आहे? कंपन्यांनी राजकीय पक्षांना दिलेल्या देणग्यांबद्दल मुंबई उच्च न्यायालयात न्या. छागला यांनी १९५७ सालीच धोक्याची घंटा वाजविली होती. १९६९ साली अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५ साली ती उठली, पण देणगीची नोंद हिशेबात करावी लागे. २०१७ च्या वित्त कायद्याने देणगीवरची मर्यादा काढून टाकली आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे नफातोटा पत्रकात सांगण्याची अटही काढून टाकली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरविली. भागधारकाच्या, म्हणजे ज्याच्यासाठी सारे हिशेबशास्त्र उभे केले त्याच्याही डोळ्यांवर पट्टी बांधावयाची वेळ आली तेव्हा सरकारने ती निःसंकोच बांधली. मग २०१९ साली कामगाराबाबत ते का कचरावे?

चळवळीच्या हाती आजही जे आहे त्याचा उपयोग होत नाही, ही तक्रार स्वतःकडेही वळवावी लागेल. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे नोंदलेल्या कंपनीला प्रत्येक संचालकाचे मानधन मध्यम कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे हे जाहीर करावे लागते. २०२२-२३ पासून शेअर बाजारातील पहिल्या हजार कंपन्यांना कायम व इतर कामगारांची संख्या, अपघात, वेतन यांची माहिती वेगळ्या अहवालात द्यावी लागते. किती युनियनच्या कचेऱ्यांत हे अहवाल उघडून पाहिले जातात? वार्षिक पत्रकातील कर्मचारी खर्चाच्या ओळीशेजारी इतर खर्चाची ओळ ठेवून पाहिली तर कंत्राटी मजुरांवरचा खर्च कित्येकदा त्या इतर खर्चात, दुरुस्ती व वाहतुकीच्या पंगतीत बसलेला आढळतो, आणि कायम कामगार किती वेगाने घटत आहेत ते एका तासात ध्यानात येते. त्यासाठी कायद्याची परवानगी लागत नाही, बसून वाचणारी माणसे लागतात.

संहितेतील ती दोन वाक्ये रद्द व्हावीत ही मागणी संसदेत लढवावी लागेल आणि ती लढाई लांबची आहे. परंतु मालकाची संमती असल्यास माहिती देता येईल, असे तेच वाक्य म्हणते, आणि संमती ही करारातून मिळविता येते. येत्या दिवाळीपूर्वी ज्या युनियन बोनसचे मागणीपत्र देतील त्यांनी पहिले कलम हे घालावे की, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब सर्व टिपणांसह व पोटकंपन्यांच्या हिशेबांसह संघटनेच्या हाती द्यावेत, आणि संघटनेने निवडलेल्या हिशेबतज्ज्ञाला ते कंपनीच्या कचेरीत बसून तपासू द्यावेत. बोनसची टक्केवारी त्याखालच्या कलमात यावी.